मधले दिवस

आमच्या मराठवाड्यात काही आजारांना त्यांच्या नावाने संबोधण्याची पद्धत नाही. कर्करोगाला कोणी 'गाठीचा आजार' म्हणतो, कोणी 'मोठा आजार', तर कोणी नुसतेच 'ते' म्हणून मान खाली घालतो. आजार रक्तातला असेल, तर 'लेकराच्या अंगात रक्तच राहीना' एवढ्यावर वाक्य थांबते. घरभेटीला गेलेल्या धर्मगुरूला दारातच थोरली सून बाजूला घेते आणि हलक्या आवाजात सांगते, "फादर, मामांना काही बोलू नका. त्यांना अल्सर आहे असं सांगितलंय." आत खाटेवर पडलेल्या मामांना सगळे ठाऊक असते. पण सुनेच्या मनाला बरे वाटावे म्हणून तेही अल्सरच्याच गोळ्यांची चौकशी करीत राहतात. एकाच छपराखाली दोन माणसे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवीत असतात. पंचवीस वर्षांच्या धर्मगुरुपदात मी हे इतक्या घरांत पाहिले आहे, की आता दारातली ती कुजबुज ऐकली की पुढचे सारे आपोआप उमगते.

ही लपवाछपवी प्रेमापोटी होते, यात शंका नाही. तथापि ज्या आजाराचे नाव घ्यायचे नाही, त्याच्या डॉक्टरचा पत्ता तरी कोणाला विचारायचा? नाव टाळता टाळता महिने निघून जातात, आणि या आजारात महिन्यांची किंमत फार मोठी असते.

वाटूर हे जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्याचे गाव. जालन्याहून मंठ्याकडे जाणारा रस्ता येथून जातो आणि फाट्यावरून परतूरची वाट फुटते. भोवताली कापूस, सोयाबीन आणि तुरीची शेते. पाऊस झाला तर वर्ष बरे, न झाला तर दसऱ्यानंतर अनेक घरांना कुलूप. माणसे ऊसतोडीला गेलेली. या भागातल्या वस्त्यांवर विखुरलेली आपली मोजकी कुटुंबे याच कष्टकऱ्यांपैकी आहेत. त्यांच्यातला आजारी माणूस आधी जवळच्या दवाखान्यात जातो, मग परतूरला किंवा जालन्याला, मग छत्रपती संभाजीनगरला आणि सर्वांत शेवटी मुंबईला. प्रत्येक मुक्कामी काही दिवस जातात, काही पैसे जातात आणि काही आशाही जाते. "टाटाला नेलं" हे दोन शब्द आमच्याकडे जवळजवळ निरवानिरवीच्या सुरात उच्चारले जातात. वस्तुतः तेथूनच खऱ्या उपचारांना आरंभ होत असतो.

2021 सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस अशाच एका कुटुंबातील आठ वर्षांचा मुलगा आजारी पडला. त्याचे नाव मी येथे देत नाही. आधी ताप, मग अशक्तपणा. खेळता खेळता तो मध्येच बसू लागला. चेहरा पांढरा पडला, नडग्यांवर काळेनिळे डाग उमटले, दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले. त्या दिवसांत तापाची साथ होती. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत सलाईन, गोळ्या आणि टॉनिक एवढेच झाले. दोन आठवड्यांनी जालन्याच्या एका बालरोगतज्ज्ञांनी रक्त तपासून घेतले. पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या आणि प्लेटलेट अगदी कमी. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि बापाला स्पष्ट सांगितले, की आता एकही दिवस वाया घालवू नका. त्या डॉक्टरांचा तो स्पष्टपणा मला फार मोलाचा वाटतो.

परतूरहून देवगिरी एक्स्प्रेस पकडून ते कुटुंब मुंबईला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात पोहोचले. तेथील तज्ज्ञ डॉक्टरांनी त्या शेतमजूर बापाला आजार कसा समजावून सांगितला, हे त्याने मला पुढे आपल्या शब्दांत ऐकवले. हाडांच्या आतल्या मगजात रक्त तयार होते. ती रक्ताची शेती समजा. त्या शेतात कच्च्या, निरुपयोगी पांढऱ्या पेशी हराळीसारख्या माजल्या. त्यामुळे लाल पेशींना जागा उरली नाही, म्हणून लेकरू पांढरे पडले. प्लेटलेट वाढेनात, म्हणून डाग पडले आणि हिरड्यांतून रक्त आले. जंतूंशी लढणाऱ्या चांगल्या पांढऱ्या पेशीही उरल्या नाहीत, म्हणून ताप हटेना. हराळी वरवर खुरपली तर पुन्हा उगवते, तिच्या काशा खोलवरून काढाव्या लागतात; म्हणून औषध दोन-अडीच वर्षे चालेल. शाळेत फारसे न गेलेला तो बाप मला हे सांगत होता आणि त्यात एकही चूक नव्हती. मोठा तज्ज्ञ केवळ त्याच्या पदव्यांवरून ओळखावा असे नाही. समोरच्या गरीब माणसाला त्याचा आजार त्याच्याच शेताच्या भाषेत समजावून देणे, हाही त्या विद्येचाच भाग होय.

या रुग्णालयाची जन्मकथाच मुळी रक्ताच्या आजारातून सुरू होते, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने परदेशात निधन पावल्या. पैशाला तोटा नव्हता, युरोपातले वैद्यक हाताशी होते. पण त्या काळी या आजारावर जगात कोठेही औषधच नव्हते. पत्नीच्या स्मरणार्थ दोराबजींनी 1932 मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी स्थापन केला आणि त्याच वर्षी तेही गेले. पुढे त्यांच्या विश्वस्तांनी परळला रुग्णालय उभारले. ते 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. 1957 मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि 1962 मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. एका श्रीमंत घरातल्या दुःखाचे असे सार्वजनिक दान झाले, आणि आज परतूरच्या गाडीतून उतरलेला ऊसतोड मजूर त्याचा वारसदार आहे.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आमच्या त्या मुलाला आठवड्यातून एकदा ज्या पिवळ्या गोळ्या घ्याव्या लागत, त्यांचे नाव मेथोट्रेक्सेट. या औषधाची पाळेमुळे मुंबईतच सापडतात. 1928 साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज स्त्री-डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायांना होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्या बाया बऱ्या होतात, हे त्यांनी 1931 मध्ये जगापुढे मांडले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक अ‍ॅसिड. आज प्रत्येक गरोदर बाईला आशाताई ज्या गोळ्या देतात, त्यांतलेच ते. रक्त वाढण्यासाठी जर हे लागते, तर माजलेल्या रक्तपेशींना ते मिळू न देणारे औषध का शोधू नये, असा विचार पुढे झाला. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत होते. त्यांच्या गटाने अशी विरोधी औषधे तयार केली, आणि बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी त्यांतले एक औषध रक्ताच्या कर्करोगाने मरणाऱ्या मुलांना दिले. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात सोळांपैकी दहा मुलांचा आजार काही काळ मागे हटल्याची नोंद आहे. ती मुले फार काळ जगली नाहीत. पण या आजाराला मागे रेटता येते, हे प्रथमच दिसले. गिरणीतल्या त्या अनाम बायांच्या रक्तावरून सुरू झालेला शोध नव्वद वर्षांनी वाटूरच्या एका लेकराच्या औषधाच्या पुडीत आला होता. हे कळल्यावर मला त्या पिवळ्या गोळीकडे पूर्वीच्या नजरेने पाहता येईना.

या विद्येची आपल्या देशात मशागत करणाऱ्यांत डॉ. सुरेश अडवाणी यांचे नाव आदराने घेतले जाते. वयाच्या आठव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला आणि पुढचे आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेले. पांगळा मुलगा डॉक्टर कसा होणार, असे म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रवेश त्यांना आधी नाकारला गेला होता. चिकाटीने मागणी केल्यावर तो मिळाला. अमेरिकेतील सिएटल येथे मगज-रोपणाचे शिक्षण घेऊन ते परतले आणि 1983 साली टाटा रुग्णालयात त्यांनी भारतातले पहिले यशस्वी मगज-रोपण केले. रुग्ण होती नऊ वर्षांची मुलगी आणि मगज दिला तिच्या भावाने. ज्याला स्वतः उभे राहता येत नव्हते, त्याने किती जणांना उभे केले, याचा विचार आजाराने खचलेल्या प्रत्येक घराने करावा.

पण वाचकहो, मला ज्या गोष्टीविषयी मनापासून लिहायचे आहे, ती याच्या पुढची आहे.

आजार उघड होतो त्या दिवसांत सारा समाज धावून येतो. आमच्याकडेही तसेच झाले. रविवारच्या मिस्सेनंतर वर्गणी गोळा झाली, तरुणांनी रक्त दिले, प्रार्थना झाल्या. पहिल्या महिन्यातच औषधांनी रोग दबला. मगजाच्या तपासणीत कच्च्या पेशी दिसेनाशा झाल्या. मग काही महिने कडक औषधे, पाठीच्या मणक्यातून द्यायची इंजेक्शने, गळलेले केस, तोंडातले फोड. हेही दिवस सगळ्यांनी सोसले, कारण डोळ्यांना आजार दिसत होता. त्यानंतर जवळजवळ दीड-दोन वर्षांचा काळ येतो. मूल घरी असते, केस पुन्हा उगवलेले असतात, ते शाळेत जाते, झाडावर चढते. रोज गोळ्या, ठरावीक दिवशी रक्ततपासणी आणि ठरलेल्या तारखेला मुंबई, एवढेच उरते. यालाच मी मधले दिवस म्हणतो. समाजाची धावपळ तोवर थंडावलेली असते आणि घराची पुंजी संपलेली असते. नेमके याच काळात उपचार सुटतात. श्रीमंत देशांत या आजाराची पाचातली चारांहून अधिक मुले बरी होतात. आपल्याकडे हे प्रमाण कमी पडते, त्याला उशिरा पोहोचणे, जंतुसंसर्ग आणि अर्ध्यावर सुटणारे उपचार ही कारणे मोठी आहेत. तेच औषध, तोच तज्ज्ञ. पण मधले दिवस कोणी सांभाळीत नाही.

2022च्या दसऱ्याच्या सुमारास त्या मुलाची आई मला म्हणाली, "फादर, लेकरू खेळतंय आता. मंग कशाला त्याला सुया टोचायच्या? मुकादमाची उचल घेतलीय, कारखान्यावर जावंच लागंल." तिचे बोलणे निष्काळजीपणाचे नव्हते. त्यामागे हिशेब होता. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; उचल मिळते ती जोडीला. आई मागे राहिली तर अर्धाच कोयता उरतो आणि उचल अंगावर येते. मूल बरोबर नेले तर फडात धूळ, अस्वच्छ पाणी आणि तारखा चुकणे आलेच. या कुटुंबापुढे उभा राहिलेला प्रश्न वैद्यकशास्त्राचा नव्हताच. तो उचलीचा होता.

तो कसा सुटला, ते सांगतो. मुलाच्या मामाने आपण मेहुण्याबरोबर जाऊन कोयता पूर्ण करतो, असे मुकादमाला कळवले. आई मुलाजवळ राहिली. धर्मग्रामातील एका निवृत्त शिक्षकांनी मुलाची फाइल आणि तारखांची वही आपल्याकडे घेतली. कॉन्व्हेंटमधील एक सिस्टर दर शनिवारी गोळ्यांची आठवण द्यायला जाऊ लागली. मुलाला ताप आला तर रात्र असो की दिवस, कोणाची गाडी निघेल हे आधीच ठरवून ठेवले. कारण या उपचारांत साधा तापही घातक ठरू शकतो. यातले एकही काम मोठे नव्हते. त्यासाठी कोणाला आपले शेत विकावे लागले नाही. 2024च्या उन्हाळ्यात त्याची औषधे पूर्ण झाली. पूर्ण बरा झाला, असे डॉक्टर अजून म्हणत नाहीत. तपासणीला येत राहा, एवढेच म्हणतात. ते योग्यच आहे.

चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यावर मी अनेकदा प्रवचन केले आहे. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, या भागावर आपण सगळेच भर देतो. संत लूकने मात्र त्यापुढची बारीक गोष्टही नोंदवून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी त्या प्रवाशाने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाला तर परत येताना भरीन असे सांगितले. या मधल्या दिवसांनी मला त्या परतीच्या वचनाचा अर्थ शिकवला. पहिल्या दिवसाची दया पुष्कळांना जमते. पुन्हा येऊन हिशेब विचारणारा विरळा.

मुंबईत अशा उतारशाळा चालवणारे लोक आहेत, हे आपल्या सुदैवाने खरे आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत गावोगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. टाटा रुग्णालयासमोरच्या रस्त्याला ज्यांचे नाव आहे, ते डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मूळचे गोव्याचे आणि आपल्याच श्रद्धेचे शल्यविशारद. त्यांच्या स्मरणार्थ वांद्र्याला बाहेरगावच्या रुग्णांसाठी निवासगृह आहे. कर्करोगाच्या मुलांना आई-वडिलांसह विनामूल्य राहण्याची सोय करणारी सेंट ज्यूड संस्था 2006 साली मुंबईत श्यामा आणि निहाल कविरत्ने यांनी सुरू केली. अशक्यप्राय गोष्टींसाठी ज्याच्याकडे भाविक धाव घेतात, त्या संताचे नाव तिला लाभले आहे. तिचे दार मात्र सर्व धर्मांच्या मुलांसाठी उघडे आहे. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात स्लीपर वर्गाचे भाडे माफ असते आणि सोबतच्या माणसाला मोठी सवलत मिळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्च भागतो. तिची मर्यादाही दीड लाखांवरून पाच लाख रुपयांपर्यंत वाढली आहे. पण दाखले, शिधापत्रिका, आधार, अर्ज या सर्वांतून वाट काढायला लिहिता-वाचता येणारा सोबती लागतो. तो सोबती आपण होऊ शकतो.

प्रत्येक रुग्णाला परळच गाठावे लागते, असेही नाही. छत्रपती संभाजीनगरला 2012 साली शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाल्यापासून मराठवाड्यातील असंख्य रुग्णांचा मुंबईचा फेरा वाचला आहे. याहूनही जवळचा आणि जुना आदर्श आहे तो बार्शीचा. भगवंताच्या या गावात 1982 पासून ग्रामीण कर्करोग रुग्णालयाचे काम उभे राहिले. डॉ. भगवान नेने आणि त्यांचे सहकारी रुग्णाची वाट पाहत दवाखान्यात बसले नाहीत. त्यांनी कार्यकर्ते खेड्यांत पाठवले. 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी तेथे सुरू झाली. कार्यकर्ते गावात जात, जाणत्या माणसांना भेटत, लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णाला बार्शीला घेऊन येत. केवळ या बोलण्याचालण्यामुळे तेथील बायकांचा गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागला.

पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात 1,31,746 स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला. तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या या स्त्रियांपैकी एका गटाची विषाणूसाठी एकदाच तपासणी केली गेली आणि दोष आढळलेल्यांवर उपचार झाले. आठ वर्षांनंतर त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने 34 मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या गटात 64. हे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर त्यांची दखल घेतली गेली. ज्या गावांत तपासणी झाली नाही, तेथल्या बायकांचे काय, हा नीतीचा प्रश्नही पुढे विचारला गेला, आणि तो विचारला जाणे रास्तच होते. त्या बायकांचे ऋण आपण तपासणी करून घेऊनच फेडू शकतो. आता पुण्याच्या सीरम संस्थेने 2023 साली आणलेली या विषाणूवरची भारतीय लसही उपलब्ध आहे. आपल्या मुलींच्या बाबतीत डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

हे आकडे मी एका बाईच्या आठवणीने लिहीत आहे. आमच्या वस्तीवरची ती पन्नाशीची विधवा. पाळी बंद होऊन चार वर्षे झाल्यावर तिला पुन्हा अंगावरून जाऊ लागले. तिने वर्षभर कोणाला सांगितले नाही. पुरुष डॉक्टरला काय दाखवायचे, हा संकोच. आणि या वयात असे झाले तर लोक काय म्हणतील, ही भीती. सुनेला कळले तेव्हा तिला बसताही येत नव्हते. संभाजीनगरला तिला विजेचा शेक दिला, वेदना कमी झाल्या. पण रोग पुढे गेलेला होता. बार्शीच्या कार्यकर्त्यांसारखी एखादी बाई वर्षभर आधी तिच्या ओसरीवर येऊन बसली असती तर, हा विचार मनातून जात नाही. आपल्या महिला मंडळांना हे काम सहज करता येईल. ओसरीवरचे बोलणे ओसरीवरची बाईच करू शकते. तेथे धर्मगुरूचा उपयोग नाही.

या बाईच्या शेवटच्या महिन्यांनी एक गोष्ट माझ्यापुढे आणली. तिला तैलाभ्यंग देण्यासाठी मला बोलावण्याचे घरच्यांनी पुष्कळ दिवस टाळले. फादर तेल घेऊन आले म्हणजे सगळे संपले, असे आपल्या लोकांच्या मनात घट्ट बसले आहे. पूर्वी या संस्काराला अंत्याभ्यंग म्हणत, त्यामुळे हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्येच स्पष्ट केले, की 'रुग्णाभ्यंग' हे त्याचे अधिक योग्य नाव असून तो केवळ मरणाच्या दारातल्यांसाठी नाही. गंभीर आजाराच्या आरंभीच, शस्त्रक्रियेच्या आधीही तो घ्यावा. म्हणजे आपण डॉक्टरलाही उशिरा बोलावतो आणि धर्मगुरूलाही, आणि दोन्ही ठिकाणी कारण एकच, नाव घेण्याची भीती. शेवटी तिनेच मला बोलावणे धाडले. अभ्यंग झाल्यावर म्हणाली, "आता बरं वाटलं, फादर. सगळ्यांना ठावं झालं ना, आता मोकळं बोलता येईल." त्यानंतर ती तीन महिने होती. त्या घरात खोटे बोलणे संपले होते, आणि ते तीन महिने आधीच्या वर्षापेक्षा तिला सोपे गेले.

आजार हटणार नाही असे ठरले, म्हणजे काळजी संपली असे नव्हे. टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. लुईस जुझे डिसोझा यांनी 1986 साली वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू केले. ज्यांच्यावर आता इलाज चालत नाही, अशा कर्करोगाच्या रुग्णांसाठी भारतातले ते पहिले सेवागृह. जातधर्म न विचारता आणि पैसे न घेता धर्मभगिनी तेथे रुग्णांची शुश्रूषा करतात. ज्या डॉक्टरने आयुष्यभर गाठी कापल्या, त्याला जे कापून निघत नाही त्याचीही काळजी वाहावीशी वाटली. वेदना शमवणारी औषधे आहेत आणि ती मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. वेदना निमूटपणे सोसण्यातच पुण्य आहे, असे सांगून आपल्या माणसाला तळमळत ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

बेन सिराच्या पुस्तकाच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याला मान देण्याचा उपदेश आहे. औषधी भूमीतून निर्माण होतात, त्यामागे परमेश्वराचाच हात आहे, आणि आजाऱ्याने प्रार्थनाही करावी व वैद्यालाही बोलवावे, असा त्याचा भावार्थ. प्रार्थना की डॉक्टर, असा वाद आपल्या वस्त्यांवर अधूनमधून उठतो. हात ठेवून आजार पळवणारे उपदेशक येतात आणि गोळ्या बंद करायला सांगतात. त्यांच्यासाठी हा अध्याय पुरेसा आहे. ज्या घराने असे ऐकून मधल्या दिवसांत गोळ्या सोडल्या, त्या घराचे दुःख पाहिलेला कोणीही श्रद्धेच्या नावावर पुन्हा तसे बोलणार नाही.

तेव्हा मला सुचवायचे आहे ते एवढेच. प्रत्येक धर्मग्रामात एक वही असावी. ज्यांची संमती आहे अशा दीर्घ आजाराच्या रुग्णांची नावे तीत असावीत. पुढची तपासणी कोणत्या तारखेला, बरोबर कोण जाणार, तिकीट काढले का, फाइल कोणाकडे, रक्त द्यायला कोण तयार, घरी मागे राहिलेल्या मुलांना जेवू कोण घालणार, हे सारे तीत लिहिलेले असावे. महिला मंडळाने वर्षातून एकदा तपासणीसाठी बायकांना घेऊन जावे. तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांविषयी प्रवचनात एकदा बोलून भागत नाही. तोंडातला न भरणारा व्रण, न दुखणारी गाठ, विनाकारण जाणारे रक्त, लहान मुलाचा न हटणारा ताप आणि अंगावरचे निळे डाग, ही लक्षणे धर्मशिक्षणाच्या वर्गातही सांगितली जावीत. आणि वर्गणीचे पैसे पहिल्याच आठवड्यात संपवू नयेत. त्यातला निम्मा भाग दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावा.

ही वही सांभाळायला धर्मगुरूच हवा असे नाही. धर्मगुरूंच्या बदल्या होतात. गावात राहणारे, दर आठवड्याला तारीख पाहणारे आणि पुन्हा जाऊन दार वाजवणारे एखादे माणूस पुरे.